टेरन्स डिक्स : टीव्ही मालिकांच्या कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं लिहिणारा लेखक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरन्स डिक्स कोण होते?

ब्रिटिश लेखक, पटकथा संपादक आणि निर्माते. जन्म १४ एप्रिल १९३५, निधन २९ ऑगस्ट २०१९. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे ते १९७४ पर्यंत पटकथा संपादक होते. याच मालिकेच्या कथांवरून त्यांनी साठाहून अधिक छोट्या कादंबऱ्या लिहिल्या. त्याशिवाय मुलांसाठी स्वतःच्या कल्पनेतली पुस्तकंही भरपूर लिहिली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ब्रिटनमध्ये वाढलेल्या असंख्य मुलांनी हौसेने वाचून संपवलेलं पहिलं पुस्तक त्यांचं होतं. तरी साहित्याच्या चर्चेत हे नाव फारसं येत नाही, म्हणून हे पान.

मी ‘डॉक्टर हू’ पाहिलेली नाही. पुढचं कळेल का?

कळेल. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट ती भूमिका करायला लागतो. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. खालची उत्तरं समजायला एवढं पुरे.

त्यांचं शिक्षण काय झालं होतं?

पूर्व लंडनच्या ईस्ट हॅममध्ये जन्म आणि तिथल्याच ग्रामर स्कूलमध्ये शाळा. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं. त्या काळी डाउनिंगमध्ये एफ. आर. लीव्हिस शिकवत. साहित्यात थोर काय आणि टाकाऊ काय याचा निवाडा अत्यंत कडक निकषांवर करणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. त्यांच्या कॉलेजातून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे पॉकेटमनीतून घेता येतील अशी पुस्तकं लिहितो, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. वाक्य कुठे सैल पडलंय आणि कुठला शब्द नुसता शोभेला आलाय, हे ओळखण्याची सवय त्या शिक्षणातून लागते. डिक्स यांनी ती सवय दहा वर्षांच्या वाचकासाठी वापरली.

मग ते टीव्हीकडे कसे वळले?

पदवीनंतर दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा आणि मग साधारण पाच वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी. जोडीला रेडिओसाठी लेखन चालू होतं. माल्कम हल्क हे टीव्हीलेखक तेव्हा त्यांचे घरमालक होते. ‘द अव्हेंजर्स’ या हेरमालिकेच्या लेखनात हल्कनी त्यांना जोडीला घेतलं आणि दोघांनी मिळून तिचे काही भाग लिहिले. पुढे ‘क्रॉसरोड्स’ या रोजच्या कौटुंबिक मालिकेत काम करताना डेरिक शर्विन यांच्याशी ओळख झाली आणि शर्विन यांच्यामुळेच १९६८ मध्ये ते ‘डॉक्टर हू’मध्ये सहायक पटकथा संपादक झाले.

जाहिरातीतल्या वर्षांची पुरेशी दखल घेतली जात नाही. मोजक्या शब्दांत चित्र उभं करायचं, मुदत चुकवायची नाही आणि लिहिलेलं परत आलं तर नाक न मुरडता पुन्हा लिहायचं, या तिन्ही गोष्टींचा सराव तिथे झाला. त्यांच्या पुस्तकांची पहिली पानं वाचा, म्हणजे हे लगेच दिसेल.

पटकथा संपादक नेमकं काय करतो?

कथा मागवतो, लेखकाबरोबर बसून ती बांधून घेतो, बजेटमध्ये आणि वेळेत बसवतो आणि ऐनवेळी पटकथा कोसळली तर स्वतः लिहून निभावून नेतो. डिक्स यांच्यावर ती वेळ लवकरच आली. १९६९ मध्ये हंगामाच्या शेवटी ठरलेल्या पटकथा हाताशी आल्या नाहीत आणि सलग दहा भागांची जागा भरायची राहिली. त्यांनी हल्कना बरोबर घेऊन ‘द वॉर गेम्स’ लिहिली. घाईत लिहिलेल्या या कथेत डॉक्टरची ‘टाइम लॉर्ड’ ही जमात पहिल्यांदा पडद्यावर आली. मालिकेचा अर्धा डोलारा आजही त्या कल्पनेवर उभा आहे.

१९७० ते १९७४ या काळात निर्माते बॅरी लेट्स आणि डिक्स यांची जोडी जमली. जॉन पर्टवी यांचा डॉक्टर याच वर्षांतला. त्याचा कायमचा शत्रू ‘मास्टर’ ही १९७१ मध्ये आलेली व्यक्तिरेखाही या दोघांच्या चर्चेतून घडली.

कादंबऱ्या लिहिण्याची सुरुवात कशी झाली?

साठच्या दशकात ‘डॉक्टर हू’च्या कथांवरून फक्त तीन पुस्तकं निघाली होती. १९७३ मध्ये ‘टारगेट’ या नव्या पेपरबॅक मालेने ती पुन्हा छापली आणि हातोहात खपली. प्रकाशकांना आणखी हवी होती. संपादक रिचर्ड हेनवुड विचारणा करायला मालिकेच्या कचेरीत गेले तेव्हा तिथे पटकथा संपादकाच्या खुर्चीत डिक्स होते. त्यांनी लेखक शोधण्याच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. त्याआधी त्यांनी कादंबरी लिहिलेली नव्हती.

रॉबर्ट होम्स यांच्या ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ या कथेवरून त्यांनी लिहिलेली ‘डॉक्टर हू अँड द ऑटन इन्व्हेजन’ जानेवारी १९७४ मध्ये आली. त्याच महिन्यात हल्क यांचंही एक पुस्तक आलं. मग ओघ थांबला नाही. काही वर्षांत तर डिक्स यांची सात-आठ पुस्तकं एकेका वर्षात निघाली. या मालेत एकूण दीडशेच्या आसपास कादंबऱ्या झाल्या. म्हणजे दर पाचातली दोन पुस्तकं त्यांची.

पटकथा तयार असताना लेखकाने वेगळं काय केलं? संवादांत ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घातलं की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. या प्रकाराबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमजही हाच.

पटकथेत दार उघडतं आणि माणूस आत येतो. तो कसा दिसतो, खोलीत कसला वास आहे, त्याला पाहून दुसऱ्याच्या पोटात गोळा का आला, हे नट, प्रकाश आणि संगीत मिळून सांगतात. कादंबरीत यातलं काहीच हाताशी नसतं, सगळं शब्दांनी उभं करावं लागतं. तेही साधारण सव्वाशे पानांत, कारण मालेतल्या बहुतेक पुस्तकांचा आकार तेवढाच. पंचवीस मिनिटांचे चार किंवा सहा भाग त्यात बसवायचे, म्हणजे काय गाळायचं आणि कुठे दोन ओळी जास्त द्यायच्या, हा निर्णय जवळजवळ प्रत्येक पानावर घ्यावा लागतो.

तीन उदाहरणं देतो.

‘ऑटन इन्व्हेजन’ची मूळ टीव्ही कथा नवा डॉक्टर पृथ्वीवर येऊन पडतो तिथून सुरू होते. आधीचा हंगाम पाहिलेल्यांना संदर्भ ठाऊक होता. पण पुस्तक उघडणाऱ्या मुलाला? डिक्स यांनी सुरुवातीला एक छोटं प्रकरण जोडलं. टाइम लॉर्डांच्या न्यायालयात डॉक्टरवरचा खटला संपतो आहे, त्याला चेहरा बदलून पृथ्वीवर हद्दपार करण्याची शिक्षा होते आहे. हा प्रसंग ‘द वॉर गेम्स’च्या शेवटी त्यांनीच हल्कबरोबर लिहिला होता. तो इथे आणल्यामुळे नवख्या वाचकालाही पहिल्या काही पानांतच पाय रोवायला जागा मिळते.

‘द वेब ऑफ फिअर’मध्ये डॉक्टर आणि कर्नल लेथब्रिज-स्टुअर्ट लंडनच्या भुयारी रेल्वेत पहिल्यांदा भेटतात. पुढे याच कर्नलचा ब्रिगेडियर होतो आणि तो डॉक्टरचा जन्माचा दोस्त ठरतो. टीव्हीवर ही पहिली भेट मुळी दिसतच नाही, दोन भागांच्या मधल्या फटीत ती होऊन जाते. १९७६ च्या कादंबरीत डिक्स यांनी ती दाखवली. अंधाऱ्या बोगद्यात दोघं समोरासमोर येतात आणि निवेदक सांगतो की त्या दोघांना कल्पना नव्हती, पण पत्रकार स्टॅनली आणि त्याने आफ्रिकेत शोधून काढलेले संशोधक लिव्हिंगस्टन यांच्या भेटीइतकीच ही ऐतिहासिक होती. मालिका लिहिताना जे कुणालाच माहीत नव्हतं ते आता वाचकाला माहीत आहे, आणि लेखक त्या माहितीचा पुरेपूर फायदा घेतो.

तिसरं उदाहरण ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’चं. तिच्या पहिल्या वाक्यात उद्ध्वस्त शहरातून एक उद्ध्वस्त माणूस चालत जातो. शहरासाठी आणि माणसासाठी एकच शब्द वापरलाय. पुढच्या दोन-तीन वाक्यांत त्याचे फाटके कपडे, रोगट कातडी, डोक्यावर चकाकणारं धातूचं शिरस्त्राण आणि यंत्रासारखी चाल दिसते. लगेच कळतं की तो आता माणूस राहिलेला नाही, त्याचा यंत्रमानव झालाय. पडद्यावर हे दाखवायला शहराचा सेट, वेशभूषा आणि नट लागला. डिक्स यांना एक परिच्छेद पुरला, आणि दहा वर्षांचं मूल त्यातल्या एकाही शब्दाला अडत नाही. शेवटची अट पाळून बाकी सगळं साधणं महाकठीण आहे. लिहून पाहिल्याशिवाय ते पटत नाही.

या पुस्तकांना एवढं महत्त्व का मिळालं?

कारण मालिका पुन्हा पाहायची सोयच नव्हती. घरात व्हिडिओ नव्हता आणि पुनःप्रक्षेपण क्वचित व्हायचं. शनिवारी संध्याकाळी हुकलेला भाग कायमचा हुकला. ‘डॉक्टर हू’ची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली ती थेट १९८३ मध्ये. तोवर जुनी कथा पुन्हा अनुभवायची तर टारगेटचं पुस्तक घ्यायचं किंवा ग्रंथालयातून आणायचं.

दुसरं कारण मनाला लागणारं आहे. टेप महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांना पुढे काही किंमत राहील असं तेव्हा वाटत नव्हतं, म्हणून बीबीसीने साठच्या दशकातले असंख्य भाग पुसले किंवा टाकून दिले. त्यातले नव्वदच्या आसपास भाग अनेक वर्षांच्या शोधानंतरही बेपत्ता राहिले. ‘द वेब ऑफ फिअर’च्या सहा भागांपैकी फक्त पहिला उरला होता. बाकीच्यांपैकी चार नायजेरियात सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. तेव्हा सापडला नाही तो तिसरा भाग, कर्नल पहिल्यांदा नीट समोर येतो तोच. १९७६ पासून पुढची सदतीस वर्षं या कथेचा आस्वाद घ्यायचा तो प्रामुख्याने डिक्स यांच्या पुस्तकातूनच. नटांची आणि दिग्दर्शकाची मेहनत नष्ट झाली तरी गोष्ट त्यांच्या छोट्या पेपरबॅकमुळे पिढ्यांच्या डोक्यात जिवंत राहिली. हे काम कमी प्रतीचं म्हणणाऱ्यांशी मी या एका मुद्द्यावर कितीही वेळ वाद घालायला तयार आहे.

मूळ पटकथालेखकच कादंबरी का लिहीत नसत?

काही लिहीत. हल्क लिहायचे, आणि त्यांची पुस्तकं उत्तम आहेत. पण अनेकांना हे काम वेळखाऊ वाटे आणि मोबदल्याच्या मानाने परवडत नसे. मूळ कथा ज्याची, त्याची परवानगी लागायची आणि कमाईत त्याचाही वाटा असायचा. पाने भरण्याचे कष्ट डिक्स उपसणार आणि आपल्याला वाटा मिळणार, हा सौदा पुष्कळांना सोयीचा होता. रॉबर्ट होम्स यांनी ‘द टाइम वॉरियर’ची कादंबरी स्वतः लिहायला घेतली, सुरुवातीचा भाग पूर्ण केला आणि उरलेलं पुस्तक डिक्स यांच्याकडे सोपवून मोकळे झाले.

‘रॉबिन ब्लँड’ हे त्यांचंच नाव का?

हो, एकदाच वापरलेलं. ‘द ब्रेन ऑफ मॉर्बिअस’ (१९७६) ही पटकथा त्यांची होती. ते परदेशी असताना तेव्हाचे पटकथा संपादक होम्स यांनी तिच्यात इतके बदल केले की डिक्स यांनी आपलं नाव काढायला सांगितलं आणि एखादं सपक टोपणनाव लावा म्हणाले. होम्सनी शब्दशः ‘सपक’ या अर्थाचंच आडनाव लावलं. दोघांची मैत्री टिकली. पुढच्याच वर्षी या कथेची कादंबरी डिक्स यांनी लिहिली, स्वतःच्या नावाने.

त्यांनी मालिकेसाठी आणखी काय लिहिलं?

पर्टवींनंतर डॉक्टर झालेल्या टॉम बेकर यांची त्या भूमिकेतली पहिली कथा ‘रोबोट’ डिक्स यांचीच. व्हॅम्पायरांवरची एक पटकथा त्यांनी १९७७ साठी तयार केली होती, पण बीबीसी त्याच सुमारास ड्रॅक्युलावर मोठी निर्मिती करत असल्याने ती बाजूला ठेवावी लागली. तिच्या जागी घाईने दीपगृहात घडणारी ‘हॉरर ऑफ फँग रॉक’ लिहिली. धुकं, एक गोल इमारत आणि बाहेर पडायला वाट नाही! माझ्या मते त्यांची सर्वांत बांधीव कथा हीच. व्हॅम्पायरांची कथा नंतर १९८० मध्ये ‘स्टेट ऑफ डिके’ म्हणून आली. मालिकेच्या विसाव्या वर्षी, १९८३ मध्ये, ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ हा विशेष भागही त्यांनीच लिहिला.

त्यांची भाषा साचेबद्ध आहे अशी टीका होते. खरं आहे का?

अंशतः खरं आहे. यान उतरताना येणारा घरघरता, कण्हणारा आवाज त्यांच्या पुस्तकागणिक जवळजवळ त्याच शब्दांत येतो. पर्टवींच्या डॉक्टरचा चेहरा नेहमी एकाच वेळी तरुण आणि म्हातारा वाटणारा. अशी ठरावीक वर्णनं बरीच आहेत.

माझं मत असं की या पुनरावृत्तीचा मुलांना उपयोगच होतो. आजीच्या गोष्टीत राजा आटपाट नगरातच राहतो, आणि ते शब्द कानावर पडले की मूल सावरून बसतं. डिक्स यांची ठरलेली वाक्यं तेच काम करतात. टीकेतला दुसरा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कामाचा रेटा वाढला तशी काही पुस्तकं फारच बारीक झाली. त्यांत पटकथेवर चढवलेलं मांस कमी आहे. १९७४ ते १९७७ मधल्या पुस्तकांशेजारी ती ठेवली की फरक लपत नाही.

मुलांसाठी त्यांनी स्वतंत्र पुस्तकं लिहिली का?

भरपूर, आणि हा भाग उगाच दुर्लक्षित राहिला. १९७६ मध्ये कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांवरची तीन पुस्तकांची कादंबरीमाला आली. १९७८ पासून ‘द बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही मालिका सुरू झाली. शेरलॉक होम्सच्या पोरांच्या टोळीचं नाव घेतलेली लंडनमधली चार मुलं आजच्या जगातली रहस्यं उलगडतात. मोठ्यांचं लक्ष जात नाही तिथे मुलांचं जातं, हे त्या कथांचं बळ. शिवाय अंतराळकथांची ‘स्टार क्वेस्ट’ आहे, प्रचंड आकाराच्या गोलायथ कुत्र्याच्या गोष्टी आहेत आणि टी. आर. नावाचं अमेरिकेहून आलेलं बोलकं टेडी अस्वल आहे.

शेवटच्या दोन मालिका नुकत्या वाचायला लागलेल्या मुलांसाठी आहेत. या वयासाठी लिहिणं सगळ्यात अवघड, कारण शब्द मोजके असतात आणि मुलाला कंटाळा यायला एक पान पुरतं. ‘डॉक्टर हू’च्या दोन कादंबऱ्यांच्याही त्यांनी याच वयासाठी आणखी सोप्या आवृत्त्या केल्या होत्या.

पुढे बीबीसीत त्यांनी काय केलं?

ऐंशीच्या दशकात अभिजात कादंबऱ्यांच्या मालिका करणाऱ्या विभागात ते आधी बॅरी लेट्स यांच्याबरोबर पटकथा संपादक होते, मग निर्माते झाले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९८५), ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१९८६) आणि ‘व्हॅनिटी फेअर’ (१९८७) या त्यांच्या निर्मिती. आयुष्यभर पडद्यावरचं पानावर आणणारा माणूस इथे उलट दिशेने काम करत होता. जाड कादंबरी काही भागांत बसवताना काय जपायचं याचा अंदाज त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल.

नव्वदच्या दशकात ‘डॉक्टर हू’च्या स्वतंत्र, मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्या निघू लागल्या. त्यांतही त्यांनी ‘टाइमवर्म : एक्सोडस’ (१९९१) पासून बरंच लिहिलं. टारगेटसाठीचं त्यांचं शेवटचं कादंबरीकरण ‘द स्पेस पायरेट्स’ १९९० चं.

त्यांचा प्रभाव कुठे दिसतो?

मालिका २००५ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा तिच्या लेखकांतले बरेच जण टारगेटची पुस्तकं वाचत मोठे झाले होते. त्यांपैकी मार्क गेटिस यांनी २००९ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर या पुस्तकांवर खास कार्यक्रम केला. ‘द मेकिंग ऑफ डॉक्टर हू’ या माहितीपर पुस्तकात डॉक्टरचं वर्णन करताना तो कधी क्रूर नसतो आणि कधी भेकड नसतो, असे शब्द आले होते. ते डिक्स यांचे मानले जातात. पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या विशेष भागात (२०१३) डॉक्टरने दिलेल्या वचनाचा तेच शब्द भाग झाले.

त्यांचं शेवटचं लेखन कोणतं?

‘सेव्ह युअरसेल्फ’ ही लघुकथा. त्यांच्या निधनानंतर सुमारे दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ‘द टारगेट स्टोरीबुक’ या संग्रहात ती प्रसिद्ध झाली. ‘द वॉर गेम्स’ जिथे संपते तिथून ती पुढे जाते.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मालिका अजिबात माहीत नसेल तर ‘द ऑटन इन्व्हेजन’, कारण ते पुस्तक अनोळखी वाचक गृहीत धरूनच लिहिलं आहे. नंतर ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ आणि ‘द वेब ऑफ फिअर’. २०२१ मध्ये बीबीसी बुक्सने त्यांच्या निवडक कादंबऱ्यांचे ‘द इसेन्शियल टेरन्स डिक्स’ असे दोन खंड काढले, तेही चांगले. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल आणि इंग्रजी वाचायला लागलं असेल, तर विज्ञानकथेच्या आधी गोलायथ कुत्र्याचं एखादं जुनं पुस्तक मिळवून त्याच्या हाती द्या. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा, दुसरं त्याला वाचू द्या.